पानाला पत्ता असतो

चवथीआधीच्या साफसफाईत या वर्षी बाबांच्या कपाटाची पाळी आली. गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधायची ती खोली मोकळी करायची होती, रंगारी दुसऱ्या दिवशी येणार होते, आणि ते शिसवी कपाट हलवायचं तर आधी रिकामं करणं भाग होतं. आत निम्मी कात्रणं आणि जुनी वर्तमानपत्रं, निम्मी मासिकं. सगळं बाहेर सोप्यावर आणून ठेवलं आणि वाड्यावर फिरणाऱ्या भंगारवाल्याला हाक मारली. तो मूळ विजापूरकडचा, फोंड्यात येऊन बरीच वर्षं झालेली. कानडी हेलात छान कोंकणी बोलतो. वर्तमानपत्रांचे गठ्ठे त्याने पाहिलेसुद्धा नाहीत, सरळ काट्याला लावले. मासिकांच्या ढिगाशी मात्र उकिडवा बसला. एकेक अंक उचलायचा, कण्याला धरून उलटा लोंबकळत ठेवायचा, पानं गळतात का बघायचा, मग मधेच कुठेतरी उघडून क्षणभर पाहायचा आणि मिटायचा. बहुतेक अंक काट्याकडे गेले. काही त्याने आपणहून बाजूला काढून पायरीवर रचले. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "बाय, हें दवर. हें रद्दी न्हय."

त्याला मराठी वाचता येत नाही. कानडीही जेमतेम, असं त्यानेच सांगितलं. पायरीवरचा ढीग संध्याकाळी आत नेऊन निवांत पाहिला. मी निवडले असते तर बहुतेक हेच निवडले असते. एखाद-दुसरा इकडचा तिकडे झाला असता, एवढंच. कथा कोणाची, कविता कोणाची, संपादक कोण, यातलं काहीही ठाऊक नसलेल्या माणसाने आणि जन्मभर हीच मासिकं वाचत आलेल्या माझ्यासारखीने तोच ढीग वेगळा काढावा, ही गोष्ट मला चवथभर सोडेना. नेवऱ्यांना मुरड घालताना, आरतीत टाळ धरताना, पाहुण्यांची पानं वाढताना तेच पुन्हा मनात यायचं.

त्याने नेमकं काय पाहिलं असेल?

मजकूर वजा केला तर मासिकात उरतं काय? कागद, शाई, बांधणी, चित्रं आणि कोरी जागा. माणसं म्हणतात, अंक आम्ही मजकुरासाठी जपतो. मीही तसंच म्हणत आले. पण मजकूर तर पुढे पुस्तकात येतो. बाबांच्या कपाटातल्या कितीतरी कथा नंतर संग्रहांत आल्या, ते संग्रह घरात आहेत, आणि तरीही त्या कथा ज्या अंकांत पहिल्यांदा आल्या ते अंक टाकून देववत नाहीत. कथा तीच, शब्द न् शब्द तोच. मग हात का अडखळतो?

मला वाटतं, त्याचं मूळ माझ्या बाबतीत 'चांदोबा'त आहे. आमच्या घरी तो पोस्टाने यायचा. घडी केलेला, वर कागदाची पट्टी. ती पट्टी फाडायचा मान धाकट्या भावाचा आणि पहिल्यांदा वाचायचा माझा. विक्रम-वेताळाची गोष्ट कुठे सापडणार हे मला अनुक्रमणिका न बघता कळायचं, कारण ते चित्र यायचंच: स्मशान, उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत टाकून निघालेला राजा. दर महिन्याला तेच. के. सी. शिवशंकरन नावाच्या चित्रकाराने ते काढलं होतं, चित्राखाली सही 'शंकर'. २०२० साली ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांत तेच चित्र पुन्हा छापून आलं आणि क्षणभर मला पट्टी फाडल्याचा आवाज ऐकू आला. गोष्टी किती आठवतात? फार थोड्या. पण चित्र पानात कुठे होतं, खाली मजकूर कुठून सुरू व्हायचा, ते आजही डोळे मिटून सांगेन. चांगल्या मासिकातली गोष्ट अशी जागेसकट आठवते. 'डाव्या पानावर खाली', 'ते नाही का, विहिरीचं चित्र होतं त्याच्या मागच्या पानावर', असं आपण बोलतो. त्या गोष्टीला पानावर एक पत्ता असतो.

आणि ज्या अंकात अशा पत्त्याच्या जागा बऱ्याच असतात, तो अंक हातातून सुटत नाही. माझं उत्तर इतकंच आहे. पण ते पटवून देण्यासाठी मला तो पायरीवरचा ढीग पुन्हा उपसावा लागेल.

त्यातला एक अंक साठच्या दशकातला. मुखपृष्ठाचा कोपरा दुमडलेला, कण्यावर बाबांनी चिकटवलेली पातळ कापडी पट्टी. मधे एक कथा आहे. तिच्या सुरुवातीच्या पानावर वरचा जवळजवळ तिसरा हिस्सा मोकळा. त्या मोकळ्या जागेत उजवीकडे नुसत्या रेषेत काढलेली एक बाई, पाठमोरी, कमरेवर कळशी. तिच्या पदराची रेषा चित्राच्या चौकटीत थांबत नाही. ती समासातून खाली उतरते आणि कथेच्या पहिल्या ओळीपाशी विरते. शीर्षकाची अक्षरं हाताने काढलेली, थोडी उतरती. पान उलटं करून अंगठा फिरवला तर खिळ्यांचे ठसे लागतात, कारण छपाई खिळ्यांची, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून केलेली. अक्षर कागदात दाबून बसलेलं. कथा सुरू होते तिथे त्या बाईचं नावसुद्धा अजून आलेलं नाही, पण ती कुठून चालत आली हे आपल्याला माहीत असतं. चित्रकाराने कथा वाचली होती, नीट वाचली होती, आणि जे लेखकाने सांगितलं नव्हतं तेवढंच काढलं होतं. असं पान एकदा पाहिलं की ती कथा पुस्तकात वाचताना चुकल्यासारखं होतं. तिथे ती बाई नसते.

भंगारवाल्याने तेच पान उघडलं होतं का, कोण जाणे. पण त्याने अंक उलटा लोंबकळवून पाहिला, ते मला फार शहाणपणाचं वाटलं. आपल्या गोव्यात कागद जपणं म्हणजे पावसाशी चार महिने सामना. चिऱ्यांच्या भिंती ओल धरून ठेवतात, कौलं कितीही शाकारली तरी एखादी धार कुठूनतरी येतेच. वेखंड, कडुलिंबाचा पाला, डांबरगोळ्या हे सगळं करून कसर आटोक्यात राहते, पण हवेतली ओल कुठे जाणार? ओल कोणत्या अंकाला कशी खाते हे पाहिलं की मासिकाची बांधणी म्हणजे काय ते उमगतं. मधोमध पिना मारलेले अंक पहिल्यांदा जातात. पिनेला गंज चढतो, गंजाचा तपकिरी डाग आजूबाजूच्या पानांवर उतरतो, आणि एक दिवस मधलं जोडपान अलगद हातात येतं. डिंकाने चिकटवलेल्या जाड अंकांचा कणा सुरुवातीला रुबाबदार दिसतो. वर्षं गेली की डिंक कडक होतो, अंक पूर्ण उघडला की तडकतो, आणि मग पानं एकेक करून निसटतात. सगळ्यात वाईट अवस्था गुळगुळीत कागदाची. त्याच्यावर चिनी मातीचा लेप असतो, म्हणून तर तो चमकतो. तो एकदा ओला झाला आणि तसाच मिटलेला सुकला, की पानं एकमेकांना घट्ट धरतात. सोडवायला जावं तर अक्षरांसकट पापुद्रे निघतात. ज्या वर्षी कपाटामागची भिंत झिरपली, त्या वर्षी महागातले रंगीत अंक असे कायमचे मिटले. त्यांच्याच शेजारचे साध्या, खरखरीत कागदावरचे, दोऱ्याने शिवलेले अंक फुगले, लाटांसारखे वाकडे झाले, आणि ऑक्टोबरच्या उन्हात सुकून पुन्हा वाचायला तयार झाले.

म्हणजे ज्याला आपण मांडणी म्हणतो ती दोऱ्यापासून सुरू होते.

मुखपृष्ठाचं बोलायचं तर दीनानाथ दलालांना वगळून पुढे जाता येत नाही, आणि आम्हा गोवेकरांना तर मुळीच नाही. १९१६ साली मडगावात जन्मलेला हा माणूस मुंबईला गेला, चित्रकला शिकला, आणि १९४५ साली त्याने स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. चित्रकार स्वतःच संपादक! बाबांच्या ढिगात 'दीपावली'चे काही अंक आहेत. रंग एकावर एक चार वेळा छापलेले. एखाद्या प्रतीत तांबडा रंग केसभर सरकलेला, त्यामुळे नाकाच्या कडेला एक बारीकशी लाल सावली. तरीही त्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही. मी त्या मुखपृष्ठांकडे बऱ्याच वेळा बघत बसले आहे, आणि मला त्यात सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की तिथे वाचायला जवळजवळ काही नाही. अंकाचं नाव, वर्ष, आणि चित्र. आत कोण कोण लिहितंय याची यादी नाही, 'विशेष', 'खळबळजनक', 'खास तुमच्यासाठी' असं काही नाही. आजचे बरेच अंक मुखपृष्ठावर इतकं ओरडतात, की आठवड्याभरात त्यांचं बोलणं संपून जातं. यादी त्या वर्षापुरती असते. चित्राला तसं वर्ष लागत नाही. स्टॉलवर अंक उचलला जावा म्हणून मुखपृष्ठ लागतं हे मला मान्य आहे, विक्रीशिवाय अंक निघत नाही. पण उचलायला लावणारं मुखपृष्ठ आणि घरात ठेवून घ्यायला लावणारं मुखपृष्ठ यांत फरक आहे, आणि दलालांना दोन्ही एकाच चित्रात साधत असे.

त्यांच्या अंकाचा कणाही बघा. आता बघा असं म्हणतेय, पण हे मला कपाट लावतानाच समजलं. कण्यावर नाव आणि साल असेल तर अंक फळीवर उभा राहून आपली ओळख सांगतो. हवा तेव्हा हात थेट तिथे जातो. पिनेच्या अंकाला कणाच नसतो. तो फळीवर दोन जाड अंकांच्या मधे शिरतो आणि नाहीसा होतो. जे अंक दिसत राहिले तेच पुन्हा पुन्हा वाचले गेले, आणि जे पुन्हा वाचले गेले त्यांनाच बाबांनी कापडी पट्ट्या लावल्या.

'आवाज'ची गोष्ट वेगळीच. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या त्या विनोदी दिवाळी अंकातली खिडकीचित्रं ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. आमच्याकडे तो अंक मुलांच्या हाती लागू नये म्हणून वरच्या फळीवर आडवा ठेवलेला असे, आणि त्यामुळेच तो आम्हाला पाठ होता. पानाला कापून केलेली खिडकी. तिच्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा नेमका एवढाच भाग दिसतो की मनात भलतंच यावं. पान उलटावं तर समोर अगदी सोज्वळ दृश्य. हा खेळ कागदाचा आहे. दोन पानं, एक कात्री, आणि उलटणारा हात यांच्याशिवाय तो होतच नाही. ज्याने कोणी हे पहिल्यांदा योजलं त्याला मासिक म्हणजे काय हे आतून कळलं होतं: मासिक उलटायचं असतं, एका पानामागे दुसरं पान लपलेलं असतं, आणि त्या लपण्यात मजा आहे. पडद्यावर वरखाली सरकणाऱ्या मजकुराला ही मजा नाही. तिथे मागचं पान नावाची गोष्टच नसते.

मारियोंबद्दल लिहायचं टाळत होते. गोव्यात राहून मारिओ मिरांडांचं कौतुक करायला नवं काय उरलंय? मगांवर, टाइल्सवर, पर्यटकांच्या टी-शर्टांवर ते सगळीकडे आहेत. पण या निमित्ताने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांचं कितीतरी काम आधी नियतकालिकांसाठी झालं. 'इलस्ट्रेटेड वीकली'च्या त्या मोठ्या आकाराच्या पानावर, जे आठवड्याने रद्दीत जाणार हे पक्कं होतं, त्या पानावर हा लोटलीचा माणूस गर्दी काढायचा: बसला लोंबकळणारी माणसं, बाल्कनीतल्या बायका, कोपऱ्यात कुत्रा, तारेवर कावळा, खिडकीआडून बघणारं तिसरंच कोणी. एका नजरेत न संपणारं चित्र. आमच्या आत्याच्या घरी 'वीकली' यायचा. इंग्रजी मला तेव्हा अडखळत वाचता यायचं, पण ते चित्र मी वाचायचे. वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून खालपर्यंत, एकेक माणूस. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेव्हाही काही नवं सापडायचं. 'वीकली' १८८० सालचा, तो १९९३ साली बंद पडला, आणि आता तीच चित्रं चौकटीत घालून भिंतीला लागली आहेत. चौकटीत ती छान दिसतात, यात शंका नाही. मला मात्र ती मांडीवर उघडलेल्या पानातच हवीशी वाटतात, जिथे नाक चित्राला टेकवून कावळा शोधता येतो. आठवड्याच्या आयुष्याच्या पानावर कोणी इतकं मन ओतलं, तेव्हा लोक ते पान कापून जपू लागले. संग्रहालयांनी ते नंतर जपलं.

आता अक्षरांकडे येते, कारण माझं सगळ्यात जास्त दुखणं तिथे आहे. छपाईचं यंत्र हिंदुस्थानात पहिल्यांदा आलं ते आपल्याच गोव्यात, १५५६ साली. आणि तरी थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातच राशोलला छापलं गेलं तेव्हा त्या मराठी ओव्या रोमन अक्षरांत उतरल्या, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. ओवी आपली, आणि अंगावर कपडे दुसऱ्याचे. त्यातून वाट काढत आपल्या लिपीला तिचे खिळे मिळाले, निर्णयसागरसारख्या छापखान्यात ते देखणे झाले, जुळारी नावाचा एक अख्खा कसबी वर्ग तयार झाला. तो जुळारी दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी घालायचा. का? कारण मराठी अक्षर वरही वाढतं आणि खालीही. वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, रफार. खाली उकार, रुकार, जोडाक्षरांची शेपटं. दोन ओळींत ऐसपैस जागा ठेवली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो आणि डोळ्यांना ठेच लागत राहते. वाचणाऱ्याला कारण कळत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की हे वाचवत नाही, आणि तो अंक मिटतो. आज संगणकावर इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर तसंच ठेवून मराठी मजकूर ओतलेले अंक मी बघते, तेव्हा त्या जुळाऱ्याची फार आठवण येते. वर पुन्हा तीन-तीन अरुंद रकाने करायचे आणि दोन्ही कडा सरळ हव्यात असा हट्ट धरायचा. मराठी शब्द लांब, ते मधे तुटत नाहीत, मग एका ओळीत तीनच शब्द आणि मधे भगदाडं. काहींना तर अक्षर ठळक हवं म्हणून ते कृत्रिमपणे जाड करायची सवय. 'ध'चं पोट बुजतं, 'भ' आणि 'म' ओळखू येत नाहीत. हे सगळं सहज टाळता येण्यासारखं आहे. र. कृ. जोशींसारख्या माणसाने संगणकावरच्या देवनागरीसाठी बरीच वर्षं घालवली, 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेसारख्या आजच्या मंडळींनी 'मुक्त', 'बालू' असे सुंदर फाँट कोणालाही विनामूल्य वापरता येतील असे करून ठेवले. साधनं हाताशी आहेत. मग आपल्या अंकांनी वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास का द्यावा?

उलट बाजूही मला माहीत आहे. माझ्या टेबलाच्या खणात एक फाइल आहे. तिच्यात सुट्या पानांचा एक गठ्ठा, वेगवेगळ्या अंकांतून काढून ठेवलेल्या कथा आणि लेख. अंक टाकाऊ होते: बारीक अक्षर, कथेच्या मधोमध सोनाराची जाहिरात, उरलेली कथा 'पान अमुकवर' ढकललेली. पण कथा उत्तम होत्या. म्हणून तेवढी पानं राखली आणि बाकीचं जाऊ दिलं. म्हणजे केवळ देखण्या मांडणीनेच मजकूर टिकतो असं मी म्हणणार नाही, चांगली कथा आपला जीव कसाही वाचवते. मात्र त्या फाइलमधल्या कथांकडे बघताना वाईट वाटतं. कोणता अंक, कोणतं वर्ष, शेजारी कोण होतं, काही सांगता येत नाही. पायरीवरच्या ढिगातल्या कथा आपापल्या घरात आहेत. त्यांच्या एका अंगाला कविता आहे, दुसऱ्या अंगाला प्रवासवर्णन, मलपृष्ठावर कुठल्या तरी केशतेलाची जाहिरात आणि त्या जाहिरातीतल्या बाईची त्या सालची केशरचना. त्या वर्षाची माणसं काय वाचत होती, काय विकत घेत होती, कशाला सुंदर म्हणत होती, ते सगळं एकत्र बांधलेलं. म्हणून वाचनालयांत जुन्या अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून नुसता मजकूर काळ्या कापडात शिवतात, ते पाहिलं की मला राहवत नाही. मजकूर वाचवला, आणि त्या वर्षाचा चेहरा पुसला.

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच भावाची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. ती पणजीला आल्तिनोवर कला महाविद्यालयात शिकते, आणि आमच्या गावच्या वाचनालयाचा दिवाळी अंक यंदा तिच्या हाती आहे. मी संपादक मंडळात. तिने केलेली पानं झकास होती, रंग सुरेख, सगळं आखीव. पण प्रत्येक पान प्रत्येक पानासारखं. कथा कुठून सुरू झाली आणि लेख कुठे संपला ते बोट ठेवून शोधावं लागत होतं. मी तिच्यापुढे तो साठच्या दशकातला अंक ठेवला आणि काहीच बोलले नाही. तिने ते कळशीवाल्या बाईचं पान उघडलं, बोट त्या पदराच्या रेषेवरून फिरवत खाली आणलं आणि म्हणाली, "आत्ये, ही रेघ मजकुरापर्यंत येते गं." मग कितीतरी वेळ आम्ही दोघी नुसती पानं उलटत होतो. तिचंही एक म्हणणं आहे आणि ते मला पटलं: बाहेरगावी असलेली मुलं अंक फोनवरच वाचणार, त्यांच्यासाठी पडद्याच्या मापाने आपोआप बसणारा ओघता मजकूर वेगळा करू. छापील अंक मात्र छापील अंकासारखा असू दे. फोनचं पान फोनवर, कागदाचं पान कागदावर.

तेव्हापासून आम्ही पानं नव्याने लावतोय. तीन रकान्यांचे दोन केले. ओळींमधलं अंतर वाढवलं. सजावट म्हणून इंटरनेटवरून उचललेली चित्रं काढून टाकली. तिचे तीन मित्र प्रत्येकी दोन कथा वाचून मगच चित्रं काढणार आहेत, आणि त्यातल्या ज्याला मराठी वाचायला जड जातं त्याला ती स्वतः वाचून दाखवतेय. प्रत्येक चित्रकाराचं नाव चित्राखाली जाईल. शुभेच्छांच्या आणि दुकानांच्या जाहिराती एकत्र मागच्या फर्म्यात, म्हणजे एकत्र छापून घडी होणाऱ्या शेवटच्या सोळा पानांत. त्यांच्याशिवाय अंक निघणार नाही, तेव्हा त्यांनाही नीट, सुबक जागा. कण्यावर नाव आणि साल. मुखपृष्ठावर यादी नाही.

अडलंय ते शिलाईपाशी. छापखान्याचा हिशेब असा, की ९६ पानांचा अंक म्हणजे सोळा पानांचे सहा फर्मे, आणि पिना मारल्या तर बजेटात बसतो. दोऱ्याने शिवायचा तर एक फर्मा कमी करावा लागेल, ८० पानं. सोळा पानं म्हणजे तीन-चार लेखकांचा मजकूर पुढच्या वर्षावर जाणार, आणि गावच्या अंकात कोणाचं लेखन मागे ठेवायचं हा नाजूक मामला असतो. शिवाय एका कवितेपुरतं मी मांडलेलं आहे की ती उजव्या पानावर एकटी असावी आणि समोरचं डावं पान कोरं सोडावं. पान उलटलं की नजर आधी उजवीकडे पडते, आणि ती कविता तशीच, आजूबाजूला कोणी नसताना, वाचायची आहे. कोऱ्या पानाचे पैसे कोण भरणार, असा प्रश्न येणार. रविवारी बैठक आहे. मी तिथे बाबांच्या कपाटातले दोन अंक घेऊन जाणार आहे, एक पिनेचा आणि एक दोऱ्याचा, एकाच वर्षाचे, एकाच फळीवर चाळीस पावसाळ्यांहून अधिक काढलेले. दोन्ही सगळ्यांच्या हातात देणार, कण्याला धरून उलटे लोंबकळवायला सांगणार, आणि मग ८० पानांचा ठराव मांडणार. माझा लेख पुढच्या वर्षी गेला तरी चालेल, पण कवितेसमोरच्या कोऱ्या पानासाठी मी शेवटपर्यंत भांडणार आहे.